ओबान, स्कॉटलंड : रेल्वे, फेरी, बेटं आणि भरती-ओहोटीचं गणित

गलबत

ओबानबद्दलचे प्रश्न वेगवेगळ्या धाग्यांत विखुरलेत, म्हणून सगळं एका जागी आणतोय. ज्यांना जास्त माहिती आहे त्यांनी भर घालावी, चुकलं असेल तिथे दुरुस्त करावं.

ओबान हे स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरचं साधारण साडेआठ हजार वस्तीचं बंदर. गेलिक भाषेत नावाचा अर्थ 'छोटी खाडी'. समोर केरेरा बेट आडवं पसरलंय, त्यामुळे बाहेर समुद्र खवळला तरी बंदरात पाणी बऱ्यापैकी शांत असतं. म्हणूनच मल, कॉल, टायरी, कोलोन्से, लिस्मोर, बारा या बेटांच्या फेऱ्या इथून सुटतात. गाव छोटं आहे, एका दिवसात पायी पाहून होतं. पण ओबानला जायचं ते मुळात बेटांसाठी. बेटांचं वेळापत्रक वाऱ्यावर ठरतं, त्यामुळे किमान तीन रात्री हव्यात, चार असतील तर उत्तम. रोजचा कार्यक्रम आधी पक्का करू नका. तीन दिवसांत काय काय करायचं ते ठरवा, आणि कुठल्या दिवशी काय ते आदल्या संध्याकाळी हवामान बघून ठरवा. बहुतेक सहली फसतात त्या इथेच : आयोना (मलच्या पलीकडचं, जुन्या मठाचं छोटं बेट) शेवटच्या दिवशी ठेवलेलं असतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी विमान असतं.

पोचायचं कसं : ग्लासगोच्या क्वीन स्ट्रीट स्टेशनवरून थेट गाडी आहे, तीन तासांपेक्षा थोडा जास्त वेळ लागतो. लंडनहून येणाऱ्या गाड्या ग्लासगो सेंट्रलला येतात. तिथून क्वीन स्ट्रीट सामानासकट चालत दहा-पंधरा मिनिटं, मध्ये निदान पाऊण तास तरी ठेवा. ओबानची गाडी दिवसातून मोजक्याच वेळा असते आणि रविवारी आणखी कमी, म्हणजे एक चुकली तर अर्धा दिवस गेला. बऱ्याच गाड्या क्रियनलॅरिक स्टेशनवर दुभंगतात : काही डबे ओबानला, उरलेले फोर्ट विल्यम आणि मलेगला. बसताना डब्यावरची पाटी वाचा. चुकीच्या डब्यात बसलात तरी घाबरू नका, क्रियनलॅरिकला गाडी काही मिनिटं थांबते, तेव्हा डबा बदलता येतो. मात्र सामान हाताशी हवं. गाडीत खायला मिळेलच असं नाही, ग्लासगोतूनच घ्या.

ओबान स्टेशनमधून बाहेर पडलं की फेरीचा धक्का अगदी शेजारी. टॅक्सी लागत नाही.

शिंपला

उत्तम सुरुवात. खिडकीबद्दल थोडी भर. ग्लासगोहून निघताना डावी बाजू धरा : आधी क्लाइड नदीचं मुख, मग गेअर लॉख, मग लॉख लाँग (लॉख म्हणजे तळं किंवा समुद्राची खाडी), सगळं डावीकडे. आरोखर आणि टारबेट स्टेशननंतर अर्डलुईपर्यंत लॉख लोमंड उजवीकडे येतं. क्रियनलॅरिकनंतर पुन्हा डावीकडे लक्ष ठेवा : डलमॅली सोडलं की लॉख ऑच्या टोकाला किलखर्न किल्ल्याचे अवशेष पाण्यालगत दिसतात. म्हणजे एकच बाजू निवडायची तर डावी.

त्यापुढे ब्रँडरची खिंड लागते. डोंगर आणि पाणी यांच्यामध्ये जेमतेम रुळांपुरती आणि रस्त्यापुरती जागा. ही लाइन १८८० साली ओबानपर्यंत आली आणि दुसऱ्याच वर्षी इथे दरड पडली. त्यावर रेल्वे कंपनीचे सचिव जॉन अँडरसन यांनी उपाय काढला : रुळांच्या वरच्या अंगाला उतारावर तारांचं कुंपण, आणि त्या तारा सिग्नलांना जोडलेल्या. वरून दगड आला की तार तुटते, आणि तार तुटली की सिग्नल आपोआप धोक्यावर पडतो. वीज नाही, माणूस नाही, फक्त ताणलेली तार आणि वजन. वारा सुटला की तारा गुणगुणतात, म्हणून या यंत्रणेला 'अँडरसनचा पियानो' म्हणतात. डोंगराच्या बाजूच्या, म्हणजे उजव्या खिडकीतून सिग्नलांची रांग दिसते. कोकण रेल्वेच्या पावसाळ्यातल्या दरडी माहीत असलेल्या माणसाला हा तुकडा फार जवळचा वाटेल.

अबोली_९

धन्यवाद दोघांना. आई-बाबा सत्तरीच्या पुढचे आहेत. एडिनबराला मुक्काम ठेवून एका दिवसात ओबान होईल का? आणि आयोना त्यांना झेपेल का?

गलबत

अबोली, एका दिवसात नको. एडिनबरा ते ग्लासगो पाऊण-एक तास, गाडी बदलायची, पुढे तीन तास. जाऊन-येऊन नऊ तास गाडीत आणि हातात दोन-तीन तास. त्यात बेट होत नाही.

आयोना झेपेल, पण दिवस लांब आहे. टप्पे असे :

ओबान ते क्रेगन्युअर, मल बेटावर, मोठी फेरी, पाऊण तासाच्या थोडं वर. आत बसायला उबदार जागा, लिफ्ट, स्वच्छतागृह, कँटीन सगळं आहे. फेरी सुटण्याच्या बरंच आधी, तिकिटावर जी चेक-इनची वेळ असेल तिच्याआधी धक्क्यावर हजर राहा. सुटायच्या वेळेला पोचलात तर फाटक बंद झालेलं असेल.

क्रेगन्युअर ते फिऑनफर्ट बस. साधारण साठ किलोमीटर, पण रस्ता बहुतेक एकपदरी, त्यामुळे सव्वा तास धरा. बस धक्क्याजवळच उभी असते. इथे एक गोष्ट नीट बघा : प्रत्येक फेरीला जोडून बस नाही. फेरीचं आणि बसचं वेळापत्रक शेजारी ठेवून जाण्याची आणि येण्याची जोडी आदल्या दिवशी कागदावर लिहून घ्या. मलवर मोबाइलला रेंज अनेक ठिकाणी नसते, तेव्हा 'तिथे गेल्यावर फोनवर बघू' चालत नाही.

फिऑनफर्ट ते आयोना छोटी फेरी, दहा मिनिटं. हिला पुढचा लोखंडी उतार असतो, तो धक्क्यावर टेकवून माणसं चढतात. भरती-ओहोटीप्रमाणे पाय ओले होऊ शकतात आणि शेवाळाने जागा निसरडी असते. आई-बाबांना इथे हात द्यायला कुणीतरी हवं. बाकी आयोनावर चालणं सोपं आहे : धक्क्यापासून मठापर्यंत रमतगमत पंधरा मिनिटं, चढ फारसा नाही. पाहुण्यांच्या गाड्या बेटावर नेता येत नाहीत, त्यामुळे रस्ता शांत असतो.

मठाची जागा इ. स. ५६३ सालची, आयर्लंडहून आलेल्या कोलंबा या साधूने वसवलेली. आजची इमारत मध्ययुगातली, विसाव्या शतकात पुन्हा उभी केलेली. आवारातला सेंट मार्टिनचा दगडी क्रूस आठव्या शतकापासून आपल्या मूळ जागी उभा आहे. घाई करू नका, त्याच्या दोन्ही बाजू बघा : एका बाजूला कोरीव माणसं, दुसऱ्या बाजूला साप आणि गोळे.

सकाळची पहिली सोयीची फेरी धरली तर आयोनावर तीन-चार तास मिळतात. त्यांच्यासाठी तेवढंच ठेवा, त्याच दिवशी स्टाफा (जवळचं, बेसॉल्टच्या खांबांचं आणि गुहेचं बेट) जोडू नका.

कातळ

स्टाफाचं वेगळं सांगतो, कारण ते गणितच निराळं आहे. मोठी फेरी वाऱ्याला बऱ्यापैकी दाद देत नाही, ओबान-क्रेगन्युअर मार्ग आडोशाचा आहे. स्टाफाला जाणाऱ्या होड्या छोट्या असतात, आयोना किंवा फिऑनफर्टहून तासाभराच्या आत पोचतात. बेटावर उतरता येईल की नाही हे वाऱ्यापेक्षा लाटेच्या फुगण्यावर ठरतं. आकाश निळं, वारा शून्य, तरीही अटलांटिकवर दोन दिवसांपूर्वी झालेल्या वादळाची लाट येत असेल तर नावाडी उतरवत नाही. मग होडी गुहेसमोर नेऊन परत आणतात. तिकीट काढतानाच विचारा की उतरवलं नाही तर पैशांचं काय.

उतरल्यावर साधारण तासभर मिळतो. फिंगलच्या गुहेकडची वाट तुटलेल्या खांबांच्या माथ्यांवरून जाते, कडेला साखळी-दोर आहे. ओल्या बेसॉल्टवर गुळगुळीत तळव्याचे बूट घसरतात, स्पोर्ट्स शूजही झिजलेले असतील तर नकोत. ही वाट डागडुजीसाठी कधीकधी बंद असते, आधी चौकशी करा.

खांब का होतात? लाव्हाचा जाड थर सावकाश थंड होताना आकसतो, आकसताना तडे जातात, आणि तडे पृष्ठभागाकडून आत सरकत जातात. सारखा ताण वाटून घ्यायला सहा बाजूंचा आकार सोयीचा, म्हणून बरेचसे खांब षटकोनी. पाच आणि सात बाजूंचेही सापडतील, मोजून बघा. अंधेरीची गिल्बर्ट टेकडी अशाच खांबांची आहे. ती दख्खनच्या लाव्हाच्या काळातली, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची. स्टाफा तिच्याहून थोडं तरुण, सहा कोटींच्या आसपास. अंधेरीत खांब उभे राहिले आणि भोवती शहर वाढलं. इथे समुद्राने पोखरून आत जाता येईल अशी जागा केली. जर्मन संगीतकार मेंडेलसन १८२९ साली इथे येऊन गेला आणि त्यातून त्याचं 'हेब्रिडीज' हे संगीत झालं. गुहेच्या तोंडाशी दोन मिनिटं गप्प उभं राहा. लाट आत शिरते, मागच्या भिंतीवर आपटते आणि आवाज थोडा उशिराने बाहेर येतो.

पफिन पक्षी बघायचे असतील तर एप्रिलच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत. ऑगस्टमध्ये ते समुद्रात निघून गेलेले असतात. ते गवताखाली बिळं करतात, म्हणून कड्याच्या काठाजवळ पाय टाकताना जपून : जमीन पोकळ असते.

घाटवाट

गाडी भाड्याने घेणाऱ्यांसाठी. भारतीय लायसन्सवर ग्रेट ब्रिटनमध्ये बारा महिने चालवता येतं, आणि गाडी डावीकडूनच चालते. भाड्याच्या गाडीवाल्याची स्वतःची अट वेगळी असू शकते, आंतरराष्ट्रीय परवाना मागतात का ते बुकिंग करताना विचारून घ्या.

मलवर एकपदरी रस्त्याचा नियम नीट समजून जा. ठरावीक अंतरावर रस्ता थोडा फुगवलेला असतो आणि तिथे पांढरी पाटी असते. समोरून गाडी आली तर जी गाडी अशा जागेच्या जवळ असेल तिने थांबायचं. जागा तुमच्या डावीकडे असेल तर आत शिरा. उजवीकडे असेल तर तिच्या समोर आपल्याच बाजूला थांबा, समोरचा त्या जागेतून वळसा घालून जाईल. उजवीकडे आत शिरायचं नाही. मागून कुणी घाईत असेल तर त्यालाही असंच पुढे जाऊ द्या. सगळ्यात मोठी चूक म्हणजे त्या जागेत गाडी लावून फोटो काढणं. तेवढ्याने पाच गाड्या अडकतात, आणि त्यात बोट गाठायला निघालेले स्थानिक लोक असतात.

पायी जाणाऱ्यांना फेरीत बहुधा जागा मिळतेच. गाडीची जागा मात्र उन्हाळ्यात आठवडेच्या आठवडे आधी संपते. आयोनापुरतं जायचं असेल तर गाडी ओबानमध्ये ठेवून बसने जाणं जास्त सुटसुटीत.

आणि दारू : स्कॉटलंडमध्ये गाडी चालवणाऱ्यासाठी मर्यादा १०० मिली रक्तात ५० मिग्रॅ आहे, इंग्लंडमध्ये ८०. ओबानची व्हिस्कीची डिस्टिलरी गावाच्या अगदी मध्यात आहे, १७९४ सालची, मागे कडा आणि पुढे घरं असल्यामुळे तिला वाढायला जागाच नाही, आजही दोनच भट्ट्या. बघायला जरूर जा, पण चालत. आगाऊ बुकिंग लागतं. चालक असाल तर तुमच्या वाट्याची चव छोट्या बाटलीत बांधून देतात का ते विचारा.

भांग_उधाण

एक जागा कुणी सांगितली नाही, आणि आपल्या किनाऱ्यावरच्या माणसाला ती बघायलाच हवी. ओबानपासून आठेक किलोमीटरवर कॉनेल. रेल्वेने पुढचंच स्टेशन, बसही जाते. तिथे लॉख एटिव्ह ही लांबलचक खाडी एका अरुंद तोंडाने समुद्राला मिळते, आणि त्या तोंडात पाण्याखाली खडकाचा उंबरठा आहे. ओहोटीला समुद्र भराभर उतरतो, पण खाडीतलं पाणी त्या उंबरठ्यावरून तितक्या वेगाने निघत नाही. दोन्हीकडच्या पातळीत फरक पडतो आणि पाणी अक्षरशः पायरीवरून कोसळतं. हे लोराचे धबधबे. वरचा लोखंडी पूल १९०३ सालचा, रेल्वेसाठी बांधलेला, आता त्यावरून मोटारी जातात आणि कडेने चालताही येतं.

कधी जायचं ते महत्त्वाचं. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास, तिथे नुसती खळखळ दिसेल आणि एवढं काय म्हणून परत याल. उधाणाच्या दिवसांत जा : अमावास्या-पौर्णिमा आणि त्यानंतरचे दोन दिवस. ओबानला उधाणाची भरती-ओहोटी साडेतीन मीटरच्या आसपास असते, भांगाला एक मीटरच्या थोडी वर. भरती-ओहोटीच्या तक्त्यात ओबानच्या ओहोटीची वेळ बघा आणि तासभर आधी पुलाजवळ पोचा. मुंबईत उधाणाला मोठी भरती दुपारच्या सुमारास येते हे आपल्याला पाठ असतं. ओबानला उलट : उधाणाची भरती सकाळी आणि संध्याकाळी सहा-सातला, ओहोटी दुपारी बारा ते दोनच्या दरम्यान. म्हणजे प्रवाशाला अगदी सोयीची वेळ. पंचांग बघून तारीख काढली तरी चालेल.

काठाचे खडक ओले असतात आणि पाण्याला भयंकर ओढ असते. पाण्याजवळ उतरू नका, पुलावरून सगळं दिसतं.

अबोली_९

हे माहीतच नव्हतं. जूनमध्ये जायचं आहे, पौर्णिमेच्या जवळचे दिवस घेते. खाण्याचं काय? आई-बाबा शाकाहारी, आम्ही दोघं मासे खातो.

तिरफळ

मासे खाणाऱ्यांना स्वर्ग आहे. फेरीच्या धक्क्याजवळ हिरव्या रंगाची मासळीची टपरी आहे, तिथे उभ्याने खायचं. शिनाणे, कालवं, चिंबोरी, स्कॅलप, लँगुस्टीन. लँगुस्टीन म्हणजे नख्या असलेली, शेवंडीची धाकटी बहीण. मसाला शोधू नका : लिंबू, लसूण-लोणी, फार तर व्हिनेगर. मासळी इतकी ताजी असते की गोडसर चव नुसत्या मिठावर कळते. थंड थाळी आणि गरम पदार्थ वेगळे असतात, थंडी वाजत असेल तर लोण्यात परतलेले स्कॅलप किंवा वाफवलेले शिनाणे मागा. टपरी दुपारची, थंडीच्या दिवसांत ती उघडी असेल असं धरू नका.

शाकाहारींसाठी चार प्रश्न पाठ करून जा. चिप्स कशात तळता? काही दुकानांत गाईच्या चरबीत तळतात, आणि तेलात तळणाऱ्यांकडेही बऱ्याचदा त्याच कढईत मासा तळलेला असतो. सूपचा स्टॉक कशाचा? भाज्यांचं सूप म्हणून कोंबडीचा स्टॉक असू शकतो. मॅकरोनी पायच्या पारीत चरबी आहे का? पुडिंगमध्ये सुएट आहे का? सुएट म्हणजे गुरांची चरबी. हॅगिस हा मुळात मेंढीच्या काळीज-फुप्फुसांचा स्कॉटिश पदार्थ, पण शाकाहारी हॅगिस मात्र छान पर्याय आहे : ओट, डाळी, राजमा, भाज्या आणि मिऱ्याचा ठसका. बटाटा आणि सलगम कुस्करून बरोबर देतात.

जेवणाची वेळ सांभाळा. जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो, त्यामुळे भूक उशिरा लागते, आणि बरीच स्वयंपाकघरं साडेआठच्या सुमारास बंद होतात. गावात मोठी किराणा दुकानं आहेत, स्वयंपाकघर असलेली जागा घेतलीत तर खिचडीची सोय होते.

भारतातून काय न्यायचं : ग्रेट ब्रिटनमध्ये भारतातून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. पेढे, बर्फी, तूप, श्रीखंड, चीज सगळं यात आलं, तुपातले लाडूही नेऊ नका. भडंग, चकली, बाकरवडी, मेतकूट, थालीपिठाची भाजणी चालते, पाकिटावर घटक छापलेले असले की प्रश्न येत नाही.

शिंपला

कपडे आणि मिजबद्दल. छत्री नेऊ नका, पाऊस आडवा येतो. टोपीचं जलरोधक जाकीट, त्याच्या आत दोन पातळ थर, आणि पायात पकड असलेले बूट. जुलैतही दुपारचं तापमान सरासरी सतरा-अठराच असतं, आणि फेरीच्या डेकवर त्याहून बरंच थंड वाटतं.

मिज म्हणजे चावणारे चिलटासारखे बारीक कीटक, मेअखेरपासून सप्टेंबरपर्यंत. त्यांना वारा सहन होत नाही. ताशी दहा-अकरा किलोमीटरचा वारा असला तरी गायब. म्हणून उघड्या किनाऱ्यावर त्रास कमी, आणि झाडीत, ओढ्याकाठी, ढगाळ निवांत संध्याकाळी जास्त. गडद कपड्यांवर जास्त येतात. स्थानिक दुकानात औषध मिळतं, आणि डोक्यावरून घालायची जाळी स्वस्त असते, ती घ्याच.

राहायला समुद्रासमोरचा रस्ता सपाट आहे. टेकडीवरच्या घरगुती निवासांतून दृश्य सुंदर, पण चढ खरंच उभा आहे, आई-बाबा बरोबर असतील तर पत्ता नकाशावर उंचीसकट बघा. ऑगस्टच्या चौथ्या गुरुवारी इथे हायलँड खेळांचा मोठा मेळा भरतो, त्या आठवड्यात जागा मिळणं कठीण.

कातळ

उरलेल्या अर्ध्या दिवसांसाठी : मकेगचा मनोरा, गावावरचा तो दगडी गोल. जॉन स्टुअर्ट मकेग या सावकाराने १८९७ साली काम सुरू केलं, हिवाळ्यात गवंड्यांना काम मिळावं हा एक हेतू. १९०२ साली तो वारला आणि बांधकाम थांबलं, म्हणून आत काही नाही, फक्त ग्रॅनाइटची कमानींची भिंत आणि बाग. जेकब्ज लॅडरच्या १४४ पायऱ्या चढून जाता येतं, नाहीतर टॅक्सी वरपर्यंत जाते. सूर्यास्ताला जा, मलचे डोंगर बरोबर समोर येतात.

चालणाऱ्यांनी केरेरा करावं. फेरी गावातून नाही, तीन किलोमीटर दक्षिणेला गॅलनाखहून सुटते, हे अनेकांना धक्क्यावर उभं राहिल्यावर कळतं. पार जायला काही मिनिटंच. १५८२ सालच्या गायलन किल्ल्यापर्यंत जाऊन दक्षिणेचा फेरा दहा-अकरा किलोमीटर, चार तास. पाणी आणि खाणं बरोबर ठेवा आणि परतीच्या शेवटच्या फेरीची वेळ लिहून घ्या.

भांग_उधाण

मलवर मोटार असेल तर मुंबईशी जोडलेली एक जागा : ग्रुलिनला लॅकलन मॅक्वारीची समाधी. न्यू साउथ वेल्सचा गव्हर्नर म्हणून तो ओळखला जातो, पण त्याआधी तो पलटणीबरोबर मुंबईत होता आणि १७९३ साली तिथेच त्याने जेन जार्व्हिसशी लग्न केलं. ती तीन वर्षांत वारली. मलवरच्या आपल्या जमिनीला त्याने तिच्या नावावरून जार्व्हिसफील्ड असं नाव दिलं. रस्त्यापासून थोडं आत चालावं लागतं.

अबोली_९

सगळं वहीत उतरवून घेतलं. एक शेवटचं : रोख पैसे किती ठेवू?

गलबत

थोडेच, कार्ड बहुतेक सगळीकडे चालतं. पण नोटा नीट बघा. स्कॉटलंडमध्ये तीन बँका स्वतःच्या पौंडाच्या नोटा छापतात. किंमत तीच, मात्र इंग्लंडमधले काही दुकानदार त्या घ्यायला कांकू करतात, आणि भारतातले पैसे बदलून देणारे तर बहुधा घेतच नाहीत. सुट्टे परत घेताना मिळालेल्या स्कॉटिश नोटा निघायच्या आधी तिथेच खर्च करा, किंवा तिथल्या बँकेत देऊन बँक ऑफ इंग्लंडच्या नोटा मागून घ्या.